अर्धी हाक

मित्रांनो, मी एक जुना लेथ आहे, आणि सुरुवातीलाच सांगून ठेवतो, मी चावतो.

आता माझा हिरवा रंग उडाला आहे. पाय गंजले आहेत. अंगावर खताची रिकामी पोती टाकलेली असतात आणि त्यांत एक मांजरी दर वर्षी पिल्लं घालते. मला बघून तुम्हाला वाटेल, म्हातारा आहे बिचारा, हा काय करणार! तरी चार पावलं लांब बसूनच माझी गोष्ट ऐका. हं, असं. आता बरं.

लेथ म्हणजे लाकूड गोल करणारं यंत्र. लाटणं, भोवरा, पलंगाचा पाय, पाळण्याचा खांब, जे जे गोल ते माझ्यावर कातलेलं. माझं डोकं डाव्या बाजूला असतं. ते फिरतं. शेपटी उजव्या बाजूला. ती फिरत नाही, तिला एक लोखंडी अणी असते. लाकूड या दोघांच्या मध्ये पकडायचं, समोरच्या आडव्या टेकूवर पटाशी टेकवायची आणि लाकडाला हळूच लावायची. की सालपटं उडायला लागतात. पण शेपटीच्या अणीला तेल द्यावं लागतं. ते दिलं नाही तर लाकूड अणीवर घासून घासून जळायला लागतं. ही तेलाची गोष्ट लक्षात ठेवा.

माझा जन्म आगीतला. उकळतं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं आणि मी झालो. तरुणपणी मी मुंबईत एका कारखान्यात होतो. गिरण्यांना सूत गुंडाळायला लागणाऱ्या लाकडी बॉबिनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत कातायच्या, एवढंच काम. तिथे मी पहिल्यांदा चावलो. एका कामगाराच्या सदऱ्याची बाही सुटलेली होती. मी आधी बाही घेतली, मग बाहीच्या मागून हात घेतला. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर दुसरा माणूस उभा होता. मला कोणी रागावलं नाही. उलट रक्त पुसून वंगण घातलं. मला तेव्हा वाटलं, चावणं हाही माझ्या कामाचाच भाग असेल.

पुढे प्लास्टिकच्या बॉबिनी आल्या आणि मी भंगारात गेलो. तिथून मला नंदाखाल गावच्या ॲन्सेल्म सुताराने उचलून आणलं. ॲन्सेल्म चर्चच्या वेदीवरचे मेणबत्तीचे दांडे कातायचा, जिन्याच्या कठड्याचे लाकडी गज कातायचा. पंधरा वर्षं मी त्याच्याकडे होतो. त्याची एक सवय होती. बटण दाबायच्या आधी तो मोठ्याने म्हणायचा, “हात बाजूला, पटाशी हातात, मी मशीन सोडतो.” घरात एकटा असला तरी म्हणायचा. त्या पंधरा वर्षांत मी त्याच्या अंगठ्याचं एक नख तेवढं घेतलं, बाकी काही नाही.

मग त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. माझी मोटारही त्याच सुमाराला जळली. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली बोळिंजचा दयाराम बैलगाडी घेऊन मला न्यायला आला.

दयाराम वाडीवाला. सव्वीस वर्षांचा, हसरा, आणि कमालीचा उतावळा. थोरला भाऊ शंकर आणि तो, दोघांची वाडी एक, विहीर एक, मोटार एक. शंकरचा पानवेलींचा मळा विहिरीला लागून होता, दयारामच्या केळी पलीकडे. दयारामची बायको मालन हिला नुकतीच मुलगी झाली होती. घरात पाळणा शंकरच्या पोरांचा होता, त्याचे खांब वाळवीने खाल्लेले.

“माझी पोर नव्या पाळण्यात झोपणार,” दयाराम ॲन्सेल्मला म्हणाला, “आणि तो मी कातणार.”

“कातशील रे. पण आधी बोलायला शीक,” ॲन्सेल्म म्हणाला आणि त्याने ते आपलं वाक्य त्याला म्हणून दाखवलं.

“कुणाला ऐकवायचं? मशीनला?” दयाराम हसला. “माझी म्हैस ऐकत नाय, हे लोखंड काय ऐकणार?”

मित्रांनो, मला त्या हसण्याचा राग आला नव्हता. पण ते वाक्य ॲन्सेल्मच्या घरीच राहिलं आणि मी एकटाच बोळिंजला आलो.

मला मोटार नव्हती. म्हणून दयारामने मला विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत, पंपाच्या शेजारी, एका जाड ओंडक्यावर बसवलं. मोटारीचा पट्टा पंपाच्या चाकावर चढवला की वाडीला पाणी, माझ्या चाकावर चढवला की मी सुरू. बटणांची पेटी मात्र खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर होती, वाडीच्या बाजूला. ती पाण्यासाठी बसवलेली. वाडीत एक माणूस फावडं घेऊन पाटात उभा राहायचा आणि ओरडायचा, “पाणी!” की पेटीजवळ जो असेल त्याने हिरवं बटण दाबायचं. आळी भरली की तो ओरडायचा, “बस!” की लाल बटण. लहान पोरांनाही हे ठाऊक होतं. पूर्वी त्या विहिरीवर रहाट होता, तेव्हाही हीच हाक होती. हाकेला बैल चालायचा, आता बटण चालतं, एवढाच फरक.

शिकायला सुरुवात केली ती दयारामने मारामारीनेच केली. पहिल्या दिवशी त्याने आंब्याचं ओलं लाकूड लावलं. मी दहा फेरे फिरवलं आणि फेकून दिलं. ते कौलातून बाहेर गेलं आणि शंकरच्या अंगणात कोंबडीवर पडलं. दुसऱ्या दिवशी त्याने पटाशी टेकूच्या खाली धरली. मी ती हिसकावली आणि तिची मूठ त्याच्या जबड्यावर मारली. पुढचा अर्धा दात गेला. ॲन्सेल्म नातवाचा हात धरून बघायला आला तेव्हा दयाराम सुजलेल्या गालाने त्याच्यासमोर उभा होता.

“पहिला दात पडला? मग तू आता लेथाचं बाळ झालास,” ॲन्सेल्म म्हणाला. “पटाशी वर धर. लाकडाला पोटातून नको, पाठीवरून हात लाव. झोपलेल्या पोरावरून फिरवतोस ना, तसा.”

ते मात्र त्याला लगेच जमलं. महिन्याभरात पाळण्याचे तीन खांब झाले. वर-खाली चौकोनी, मध्ये गोल, गोलात दोन मणी. मालन पोरीला कडेवर घेऊन दारात उभी राहायची आणि म्हणायची, “लवकर करा हो. ही रांगायला लागली की पाळण्यात कोण, तुम्ही झोपणार?”

पण मी फिरत असताना पंप फिरत नसे. शंकरच्या पानवेलींना पाणी उशिरा मिळू लागलं. त्यावरून रोज खटका उडायचा.

“दया, वेली माना टाकतायत. अकरा वाजता पट्टा पंपावर चढव,” त्या दिवशी सकाळी शंकर दारातून ओरडला.

“चढवतो रे दादा. शेवटचा खांब आहे.”

“शेवटचा, शेवटचा! आज अकराला पाणी आलं नाय ना, तर तुझा हातच काढून ठेवीन या मशीनवर!”

आजूबाजूच्या चार वाडीवाल्यांनी ते ऐकलं. त्यात काय एवढं? भाऊ भावाला असंच बोलतो. मीही ते ऐकलं.

अकरा वाजत आले. दयाराम घाईत होता. त्याने माझ्या शेपटीला तेल दिलं नव्हतं. चौथा खांब अर्धा झाला आणि शेपटीकडून चिरका आवाज आला, मग धूर, मग लाकडाच्या टोकाला लाल ठिणगी धरली. दयाराम बाहेर धावला, त्याने लाल बटण दाबलं आणि परत आत आला. मी थांबलो. त्याने उजव्या हाताची बोटं टेकू आणि खांबाच्या चौकोनी टोकाच्या मध्ये घातली, जळतंय कुठं ते चाचपायला. टोक धुमसतच होतं. मोटारीच्या खोलीत तेलाच्या चिंध्या पडलेल्या. तो घाबरला. आणि त्याने हाक मारली.

“पाणी! पाणी!”

मालन तेव्हा पेटीशेजारच्या धुण्याच्या दगडावर होती. तिची पाठ पेटीकडे होती, तिने मोटार थांबलेली नुसती ऐकली होती. अकरा वाजलेले, म्हणजे ह्यांनी पट्टा पंपावर चढवला असणार. दोघा भावांचा आवाज एकाच घशातून आल्यासारखा. तिला वाटलं, शंकर मळ्यातून ओरडतोय. लग्न होऊन आल्यापासून तिने त्या हाकेला जे केलं तेच केलं. साबणाचा हात पदराला पुसला आणि हिरवं बटण दाबलं.

मी फिरलो.

मित्रांनो, मला हात आणि लाकूड यांतला फरक कळत नाही. खांबाच्या चार कडा एकामागून एक आल्या. पहिल्या कडेने करंगळी घेतली, दुसरीने तिच्या शेजारचं बोट. दयाराम किंचाळला, पण तो ‘बस’ म्हणाला नाही. कोण म्हणेल? मी नुसत्या त्या एका शब्दाची वाट बघत फिरत राहिलो. मधलं बोटही गेलं. भिंतीवर, पंपावर, तयार ठेवलेल्या तीन खांबांवर रक्ताच्या चिळकांड्या उडाल्या. मालन आत आली, तिने पाहिलं, ती परत बाहेर धावली आणि तिने लाल बटण दाबलं. तोवर पाणी का येत नाही हे विचारायला आलेला शंकर दारात पोचला होता. शुद्ध हरपण्याआधी दयारामला शेवटचं दिसलं ते एवढंच. बटणाच्या बाजूने आलेला आणि दारात उभा असलेला भाऊ.

एकोणीस दिवसांनी तो दवाखान्यातून परत आला. उजव्या हाताला अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, बाकी पांढरा गोळा. तोवर सगळ्या बोळिंजने ठरवून टाकलं होतं. शंकर म्हणालाच होता ना, हात काढून ठेवीन? ठेवला. शंकर कुणाला उत्तर देत नव्हता. आपल्या तोंडचं खरं झालं, या एका गोष्टीने तो आतून मोडला होता. आणि मालन गप्प होती. माझ्या भिंतीपलीकडे धुणं धुताना ती मध्येच थांबायची आणि त्या हिरव्या बटणाकडे बघत राहायची. खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं, तिला आणि मला. मला बोलता येत नव्हतं. तिला येत होतं, पण होत नव्हतं.

विसाव्या दिवशी सकाळी दयाराम माझ्याकडे आला. डाव्या हातात घण होता. पहिला घाव शेपटीवर बसला, दुसरा टेकूवर. टेकू तुटून पंपावर आदळला. डोक्याला तडा गेला. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा मार खाल्ला आणि मला तो योग्य वाटला. पण माझ्यावर त्याचं समाधान होईना. त्याने घण टाकला, भिंतीवरचा कोयता उपसला आणि तो शंकरच्या मळ्यात शिरला.

उघड्या दारातून मला सगळं दिसत होतं. सपासप वेली पडत होत्या. पानं भरलेल्या, माणसाच्या डोक्याहून उंच वेली. एक ओळ, दुसरी ओळ. डाव्या हाताचा घाव नीट बसत नव्हता, म्हणून तो एकेका वेलीवर तीनतीनदा घालत होता.

“दया! अरे नको रे, ती लेकरं आहेत!” शंकर धावत आला.

“माझी तीन बोटं कोण होती? दारात उभा राहून बघत होतास ना?”

“मी पाणी विचारायला आलो होतो, आईची शपथ.”

“आईचं नाव घेऊ नकोस! हात काढून ठेवीन म्हणालास ना? चल, आता तुझा ठेव.”

त्याने भावाची मान बगलेत धरून त्याला फरफटत माझ्यापाशी आणलं. शंकर त्याच्याहून हाताभर उंच आणि दणकट. मनात आणलं असतं तर त्याने दयारामला विहिरीत फेकलं असतं. पण त्याने अंग सैल सोडलं होतं. दयारामने गुडघा त्याच्या पाठीवर दिला आणि शंकरचा उजवा हात आपल्या कोपराने माझ्या अंगावर दाबून धरला. कोयता वर गेला.

“बटण मी दाबलं.”

दारात मालन उभी होती. कडेवर पोर होती.

कोयता खाली आला तो हातावर नाही, माझ्या खालच्या ओंडक्यात. बोटभर आत गेला. ती खूण अजून आहे.

“काय म्हणालीस?”

“हिरवं बटण मी दाबलं. पाणी ऐकलं आणि दाबलं. मला वाटलं, भाऊजी हाक मारतायत.”

“आणि वीस दिवस तोंड शिवून बसलीस?”

“पहिल्या दिवशी सांगणार होते. तुम्ही शुद्धीत नव्हतात. दुसऱ्या दिवशी सगळे भाऊजींचं नाव घ्यायला लागले. मग रोज ते जड होत गेलं.”

दयारामने तिला मारलं. एकदाच, डाव्या हाताने, तोंडावर. ओठ फुटला. पोर किंचाळली. मित्रांनो, मी चावतो, कारण मला काही कळत नाही, हे मी तुम्हाला सांगितलं. माणसाला कळतं. त्या दिवशीच्या सगळ्या घावांमध्ये हा एक मला अजून लागतो.

शंकरने उठून पुन्हा उगारलेला तो डावा हात हवेतच पकडला. आता त्याच्या अंगात जोर आला होता.

“तिला मारतोस? हाक कुणाची होती?”

“मी... मी विझवायला पाणी मागत होतो. लाकूड जळत होतं.”

“मग तसं म्हणालास? विझवायला आण म्हणालास?”

दयारामने जळक्या खांबाकडे बघितलं.

“या वाडीत नुसतं पाणी म्हटलं की काय करतात, दया? मी तिथं असतो तर मी दाबलं असतं बटण. तू असतास तर तू दाबलं असतंस. बाबांचा बैलसुद्धा चालला असता!”

 मग दयाराम खाली बसला, माझ्या तुटक्या टेकूशेजारी, आणि उरलेला हात दुसऱ्या हातात घेऊन लहान पोरासारखा रडला. मालन त्याच्याजवळ गेली नाही. ती ओठाचं रक्त पुसत दारातच उभी राहिली, आणि ते बरोबर होतं. चार दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तो तिच्यासमोर गेला आणि म्हणाला, “माझी बोटं तू नाही घेतलीस. तुझ्या तोंडावर हात मात्र मीच उचलला.” पुन्हा त्याने तो हात तिच्यावर कधी उचलला नाही.

आता तुम्ही म्हणाल, संपली गोष्ट. नाही. वाडीवाल्याला कोयता धरता येत नसेल तर तो जगणार कसा? केळीचा घड उतरवायचा कोयत्याने, पान कापायचं कोयत्याने. दोन बोटांत कोयत्याची बारीक मूठ फिरायची आणि निसटायची. दयाराम रोज प्रयत्न करायचा आणि रोज कोयता लांब फेकायचा. एकदा तो मालनच्या पायाजवळ येऊन रुतला. तिने तो उचलला, मूठ निरखून बघितली आणि जाड मूठ स्वतः कातायला शिकायची म्हणून ती थेट नंदाखालला ॲन्सेल्मकडे गेली.

ॲन्सेल्म आला. त्याने आंधळ्या बोटांनी माझ्या जखमा चाचपल्या. “काय मारलंय याला! पण मेला नाही,” तो म्हणाला. डोक्याच्या तड्यावर लोखंडी पट्टी आवळली, शेपटी सरळ केली, नवा टेकू घडवून आणला. बटणांची पेटी त्याने बाहेरच्या भिंतीवरून काढायला लावली आणि आत, माझ्यासमोर, उभ्या माणसाच्या हाताशी बसवली. मग तो मालनला म्हणाला, “पदर खोच. डोरलं पोलक्याच्या आत टाक. आणि बांगड्या काढ.”

मालनने काचेच्या बांगड्या काढायला घेतल्या तेव्हा शंकरची बायको यशोदा धावत आली.

“अगं, काय करतेस? नवरा जिवंत असताना हात मोकळे करतेस? एवढं झालं ते पुरलं नाही का?”

“वहिनी, त्यांच्याच हातासाठी काढते,” मालन म्हणाली. “चुडा राहिला आणि हात गेला, तर कुणाला दाखवायचा तो चुडा?”

यशोदाने तोंडाला पदर लावला. मग तिने स्वतःच एकेक बांगडी साबण लावून अलगद उतरवली, एकही फुटू न देता, आणि आपल्या ओटीत धरून बसली.

मालनने माझ्यासमोर उभं राहून पहिल्यांदा म्हटलं, “हात बाजूला, पटाशी हातात, मी मशीन सोडते.” आवाज कापत होता. पण वाक्य पूर्ण होतं. ते ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! जणू कोणी माझं नाव घेतलं.

पहिली मूठ तिने बारीक केली. दुसरी मी फेकून दिली, तिच्या कानाजवळून गेली. ती खाली बसली, धापा टाकत. इतक्यात दारात शंकर आला. त्याच्या हातात जुन्या रहाटाच्या कण्याचा तुकडा होता, तीस वर्षं पाण्यात आणि उन्हात पिकलेला, दगडासारखा.

“याच्यावर बसून आम्ही दोघं लहानपणी गोल गोल फिरायचो,” तो म्हणाला. “हे लाकूड फुटणार नाय.”

ते लाकूड कठीण होतं. पटाशीला तीनदा धार लावावी लागली. पण मी ते फेकलं नाही. मालनने शेपटीला दर थोड्या वेळाने तेल दिलं. मूठ झाली ती लाटण्यापेक्षा जाड, टोकाला उंच कडा, आणि मध्ये एक खोलगट वळण. तिथे दयारामचा अंगठा बसायचा. तिने त्याचा हात आपल्या हातात घेऊन तीनदा माप पाहिलं होतं, कापलेल्या जागेवरून बोट फिरवत. तेव्हा दोघंही रडत नव्हते.

मूठ बसवलेला कोयता घेऊन दयाराम केळीत गेला. भोवती सगळे उभे होते. एक घाव. घड खाली आला, आणि तो शंकरने खांद्यावर झेलला. दयाराम कोयत्याकडे बघत होता. तो त्याच्या हातात होता. निसटला नव्हता.

पाळणाही झाला. तीन खांब कातलेले, चौथा अर्धा गोल आणि अर्धा चौकोनी, टोकाला जळलेला. मालन म्हणाली, राहू दे तसाच. पोर त्यातच झोपली.

पुढची आठ-दहा वर्षं मालन माझ्यावर काम करत होती. आगाशीपासून सोपाऱ्यापर्यंतच्या घरांत तिची लाटणी आहेत, ताक घुसळायच्या रव्या आहेत, पाळणे आहेत. आता बाजारात तयार वस्तू मिळतात, मोटारीही वेगळ्या आल्या, आणि मी पोत्यांखाली आहे. तक्रार नाही. फक्त पावसाळ्याआधी कोणीतरी माझ्या अणीला थोडं तेल द्यावं, एवढीच इच्छा. मांजरीच्या पिल्लांना सांभाळून.

आणि मित्रांनो, तुमच्याही घरी एखादं यंत्र असेल. चक्की असेल, मोटार असेल. बटण दाबण्याआधी डोळ्यांनी बघा, पलीकडे कुणाचा हात आहे. हाक मारलीत तर ती पूर्ण मारा. आणि चुकून तुमच्या हातून काही झालं, तर ते त्याच दिवशी सांगा, कितीही भीती वाटली तरी. वीस दिवसांत ते कोयत्याएवढं होतं.

त्या घरात आजही कोणाला तहान लागली, अगदी नवा पाहुणा असला तरी, त्याला आधी शिकवतात. तिथे कोणी नुसतं ‘पाणी’ म्हणत नाही. ‘प्यायला पाणी दे’ म्हणतात.